पंचमीचं पान

घर बघताना मी आधी नळ उघडतो. पाण्याला धार किती आहे, रंग कसा आहे आणि त्या वेळी घरमालक कुठे बघतो आहे, यावरून बरंच कळतं. ही बातमीदाराची सवय. माणूस सांगतो ते लिहून घ्यायचं आणि मग स्वतः जाऊन बघायचं.

१९९९च्या मे महिन्यात भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोवर मी साकोलीहून बातम्या पाठवायचो आणि सौंदडला आमच्या घरी राहायचो. नव्या जिल्ह्यासाठी पेपरला गोंदियात बसणारा माणूस हवा होता. संपादक फोनवर म्हणाले, "तिलकराव, दसऱ्यापासून तुम्ही गोंदियात. जमत नसेल तर आत्ताच सांगा, दुसरा तयार आहे." दुसरा कोण ते मला माहीत होतं. मी जमेल म्हणालो.

घरात आम्ही चौघं. मी, बायको ओमेश्वरी, चौथीतली खुशबू आणि वडील शालीकराम. वडिलांना आदल्या वर्षी लकवा मारला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. ओसरीवरच्या खाटेवरून ते येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेत. ओमेश्वरी त्यांना चमच्यानं भरवायची. तिला आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम होतं, उशीर झालेला चालत नसे, म्हणून एक घास गिळायच्या आत दुसरा चमचा तयार असे.

आम्ही घरं बघायला निघालो तेव्हा पितृपक्ष नुकताच लागला होता.

"पितरपाखात घर पाहाले जाते का कोनी?" वडील म्हणाले. "या दिवसात पितर फिरतेत घरं पाहात. मानसं नाई."

"म्हणूनच गर्दी नसेल, बाबूजी. मालक नरम असतील."

"हुशार आहेस," ते म्हणाले. "बापावर नाई गेला."

शेजारच्या चैतरामभाऊंना त्यांच्याजवळ बसवून आम्ही कोहमाऱ्याहून गोंदियाची एसटी धरली. खुशबूची एकच अट होती, आधी गोंदियात बघायला काय आहे ते दाखवायचं आणि मग घरं. म्हणून ऑटो करून आधी नागऱ्याला गेलो. महादेवाचं जुनं देऊळ तिला आवडलं, कारण आतला दगड भर दुपारीही थंड होता. परतताना तिला समोसा खाऊ घातला. दरेकशाजवळचा धबधबा पुढच्या वेळी दाखवायचं कबूल केलं. मग आम्ही कामाला लागलो.

मी गोंदियाला बातम्यांसाठी अनेकदा गेलो होतो, पण राहायच्या नजरेनं शहर वेगळं दिसतं. जयस्तंभ चौकापासून रामनगरपर्यंत चालत गेलो. सिव्हिल लाइन्समध्ये झाडं मोठी आणि भाडीही मोठी. कुडव्याकडे घरं नवी, पण पाणी टँकरचं. भातगिरण्यांच्या बाजूला उकडलेल्या धानाचा आंबूस, गरम वास हवेत कायम धरून राहिलेला. वाळत टाकलेल्या कपड्यांवर कोंड्याची बारीक राख. मी हे सगळं टिपून घेत होतो. ओमेश्वरी स्वयंपाकघराच्या खिडक्या बघत होती.

घरं मिळत होती. वडिलांचा विषय निघेपर्यंत.

रामनगरातल्या मालकांनी चहा दिला, खोल्या दाखवल्या आणि मग विचारलं, "घर में कोई बीमार-वीमार तो नहीं?"

"वडील आहेत. लकवा झालाय."

त्यांनी कपबश्या उचलल्या. "देखो भाई, बुरा मत मानना. आमच्याकडे पोरीचं लग्न आहे. त्या टायमाले काही झालं तर?"

पुढच्या घरी तेच, जरा गोड शब्दांत. तिसऱ्या घरी बाईंनी स्पष्टच म्हटलं की भाड्याच्या खोलीतून तिरडी निघाली की खोली पडून राहते, पुन्हा कोणी घेत नाही. खुशबू हे ऐकत उभी होती. तिनं मला विचारलं, "बाबा, तिरडी म्हणजे?" ओमेश्वरीनं तिचा हात ओढला.

उन्हं कलायला आली तेव्हा आम्ही रेल्वेलाइनच्या पलीकडे, एका गिरणीमागच्या गल्लीत कुसुमबाईंच्या घरी पोचलो. त्या साठीच्या असतील. विधवा, मूलबाळ नाही. मागच्या बाजूच्या दोन खोल्या, वेगळं दार, बाजूनं गच्चीवर जाणारा जिना. मी नळ उघडला. पाणी स्वच्छ होतं, धार जाड होती. कुसुमबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"कितने लोग?"

"तिघं. मी, ही आणि मुलगी."

"मां-बाप?"

"आई मी लहान असतानाच गेली."

"और पिताजी?"

मी नळ बंद केला. "तेही नाहीत."

तिथंच थांबता आलं असतं. पण कुसुमबाईंच्या चेहऱ्यावर खरंच दुःख उमटलं. "च् च्. कब हुआ?"

"मागच्या वर्षी."

"तिथी?"

तपशिलाशिवाय गोष्ट खरी वाटत नाही, हे मी रोज शिकाऊ पोरांना सांगायचो. "पंचमी," मी म्हणालो.

"अरे, म्हणजे याच गुरुवारी. नाम क्या था?"

कुठलंही नाव सांगता आलं असतं. तोंडातून शालीकराम निघालं.

त्या आम्हाला जिन्यानं वर घेऊन गेल्या. गच्चीच्या कठड्याला लागून पळसाच्या पत्रावळी ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीवर भात, थोडी भाजी आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला एकेक खडा.

"माझ्या घरात जो राहून गेला, त्याचे पितर ते माझे पितर," कुसुमबाई म्हणाल्या. "मेरा तो कोई है नहीं. किराया जिंदा लोगों से लेती हूं, खाना सबको देती हूं. तुमचे बाबूजी नवे आहेत, त्यांना पंचमीपासून अमावस्येपर्यंत रोज ठेवीन. क्या पसंद था उनको?"

माझ्या मागून ओमेश्वरी म्हणाली, "उडदाचे बडे. आणि कढी. मामाजींना फार आवडायचे."

सबंध दिवसात ती घरमालकांपुढे पहिल्यांदाच बोलली होती. आवाज अगदी सरळ होता.

परतीच्या एसटीत खुशबू झोपल्यावर ती म्हणाली, "मग त्यांचं काय करायचं?"

"वाटेतल्या गोरेगावला दुलारीताईच्या सासरी दोन महिने ठेवू. मग बघू."

"मग बघू," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली.

वडिलांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की घर लहान आहे, तुम्ही थोडे दिवस ताईकडे राहा. ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे ना. तिच्या घरी म्हैस आहे."

गुरुवारी दुपारी मी घरीच होतो. ओमेश्वरी ताट घेऊन खाटेजवळ गेली आणि चमचा पुढे केला. वडिलांनी मान फिरवली.

"नको. जेवलो मी."

"कधी जेवले, मामाजी? चूल तं आत्ता पेटवली."

"तुया चुलीचं नाई म्हनत मी." ते खुशीत दिसत होते. "बडे मस्त होते. मीठ जरासंक कमी. कढी मातर एक नंबर."

ओमेश्वरीनं माझ्याकडे बघितलं. म्हातारपणी असं होतं, स्वप्नातलं खरं वाटतं, असं काहीतरी मी म्हणणार होतो. तेवढ्यात मला त्यांचा उजवा हात दिसला. वर्षभर निर्जीव पडलेला तो हात पोटावर होता, आणि त्याची पाचही बोटं हळदीनं पिवळी झाली होती. मी वाकून वास घेतला. कढीलिंब आणि आंबट ताक. आमच्या घरात त्या दिवशी ताक नव्हतं.

मी ओल्या फडक्यानं ती बोटं पुसली. चैतरामभाऊंना विचारलं, कोणी काही भरवलं का? ते म्हणाले, "मी तं इथंच होतो, भाऊ. डोळा लागला होता त्यायचा. झोपेत तोंड हालून राहिलं होतं, तेवढंच."

शुक्रवारी ते जेवले नाहीत. शनिवारीही नाही. साकोलीहून डॉक्टर आणले. त्यांनी नाडी, डोळे, जीभ बघितली आणि रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला असल्याचं सांगितलं. "भूक नाही म्हणतात, पण उपाशी माणूस असा दिसत नाही," ते म्हणाले. खरंच वडिलांच्या गालांवर तकाकी आली होती.

मी खाटेशी बसून विचारलं, "बाबूजी, तुम्ही जेवता कुठं?"

"वर. उघड्यावर. गिरनीचा भोंगा आयकू येते." ते आठवून आठवून सांगू लागले. "लाइनीनं बसतो आमी. बाजूले एक गार्डबाबू आहे रेलवेतला, टोपी काहाडत नाई डोक्सावरची. त्याच्या पल्याड एक बाई, सारखी पदर वढते. बोलत नाई कोनी जास्त."

"मग तुम्हाला करमतं कसं?"

"बरं वाटते ना. कोनी घाई नाई करत."

दारात ओमेश्वरी उभी होती, हातात चमचा घेऊन. ती आत निघून गेली. बराच वेळ भांडं वाजलं नाही.

रविवारी मी एकटाच गोंदियाला गेलो. कुसुमबाई गच्चीवर होत्या. पत्रावळींच्या ओळीत शेवटची नवी होती. तिच्यावर दोन बडे आणि द्रोणात कढी.

"या बाजूचं पान कोणाचं?" मी विचारलं.

"ये गार्ड साब. खूप आधी एक किरायेदार होता, त्याचे वडील. और वो मालती म्हणून एक किरायेदार होती, तिची सासू, बिचारी जळून गेली. लाज खूप होती तिला." मग त्या हसल्या. "पण तुमचे बाबूजी! नव्या पानावर कौआ लवकर येत नाही, दोन-चार वर्षं लागतात. इनके पान पर तो पहले ही दिन आया. जसा काही वाटच पाहून राहिला होता."

मी त्यांना खरं सांगितलं. माझे वडील जिवंत आहेत, सौंदडला खाटेवर आहेत, घर मिळावं म्हणून मी खोटं बोललो. बोटांचंही सांगितलं.

कुसुमबाई कठड्याला धरून खाली बसल्या. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "जीते आदमी को खिलाया मैंने," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं." मग उठून त्यांनी ती पत्रावळ उचलली, दुमडली आणि खाली गायीला टाकली.

मला हायसं वाटलं. चूक दुरुस्त झाली असं मी मानलं. छापून गेलेल्या चुकीचा दुसऱ्या दिवशी खुलासा टाकतात, तसं.

दिवेलागणीला घरी पोचलो. वडील डोळे उघडे ठेवून पडले होते.

"पान उचललं का रे?" त्यांनी विचारलं.

मी चपला काढून खाटेशी बसलो.

"भूक लागली आहे, तिलक."

ओमेश्वरीनं भात टाकला. कढी केली, बडे तळले. त्यांच्या उशाशी बसून ती एकेक घास थांबून थांबून भरवू लागली. त्यांनी घास चावला, तोंडात फिरवला आणि डाव्या हातावर काढला.

"माती लागते," ते म्हणाले. "तुया हाताचा दोष नाई, बाई. मातीच लागते."

दूध दिलं, तेही ओठांवरून ओघळलं. सोमवारी त्यांचे गाल आत गेले. मंगळवारी ओठ फुटले. सलाईन लावलं तर सुई शिरेत राहीना. दुलारीताई आली, रडली आणि मला म्हणाली, "काय करून ठेवलंस रे बाबूजींचं?" तिला काहीच माहीत नव्हतं. तरी मी खाली बघितलं.

बुधवारी विधानसभेची मतमोजणी होती. मी गोंदियात मोजणीच्या हॉलमध्ये होतो. फेऱ्या चालल्या होत्या, बाहेर गुलाल, फटाके. आकडे लिहिताना मला दिसलं की मी आकड्यांच्या जागी भलतंच काही लिहितो आहे. वही खिशात घातली आणि निकाल लागायच्या आत बाहेर पडलो. त्याआधी आणि त्यानंतर मी असं कधीच केलेलं नाही.

"पान परत ठेवा," मी कुसुमबाईंना म्हणालो. "ते मरतील."

"मी नाही ठेवणार."

"हात जोडतो तुम्हाला."

"माझ्या बोलण्यानं नव्हते आले ते." त्या दारातच उभ्या होत्या. "तुम बोले थे. अब भी तुम ही बोलो. घेऊन या त्यांना इथं. खोली रिकामी आहे."

संध्याकाळच्या आत भाड्याच्या जीपमध्ये खाट बांधून आम्ही वडिलांना आणलं. वाटभर त्यांचं डोकं ओमेश्वरीच्या मांडीवर होतं. कुसुमबाईंनी जिन्याखालच्या खोलीत जागा करून ठेवली होती. ज्या घरात ते नकोत म्हणून मी ते नाहीत असं सांगितलं, त्याच घरात त्यांची खाट सगळ्यात आधी लागली.

मी वर गेलो. ओमेश्वरीनं वाढून दिलेली पत्रावळ कठड्याशी ठेवली. खडा ठेवला.

"बोलो," कुसुमबाई म्हणाल्या.

मी ओठातल्या ओठात बोललो.

गिरणीच्या पत्र्यावर कावळा बसला होता. तो हलला नाही.

"ऐसे नहीं. जिसका है, उसको सुनाई देना चाहिए."

खाली खोलीचं दार उघडंच होतं.

मी मोठ्यानं म्हणालो, "शालीकराम. माझे वडील. वारले."

कावळा उतरला.

मी खाली आलो. वडिलांची बोटं पिवळी होती. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मला हाक मारली नाही.

याला आता बारा वर्षं झाली. अमावस्येनंतर कुसुमबाईंनी बाकीची पानं उचलली, वडिलांचं राहिलं. पुढे त्या गेल्या. त्यांच्या भाच्यानं घर विकायला काढलं तेव्हा आम्हीच ते घेतलं. नागपूरच्या बदलीचं पत्र दोनदा आलं. दोन्ही वेळा मी नागपूरला जाऊन घरं बघून आलो. चांगली होती, पण फ्लॅट होते आणि गच्चीला कुलूप असायचं. मी नकार कळवला. कारण घरगुती, असं लिहिलं.

वडील जिन्याखालच्या खोलीत आहेत. पेपर वाचून घेतात, माझ्या बातमीतल्या चुका काढतात, खुशबूच्या कॉलेजची चौकशी करतात. खाली ते काही खात नाहीत, पाणीसुद्धा नाही. त्यांची नखं कापावी लागत नाहीत. ओमेश्वरी अजूनही रोज ताट घेऊन त्यांच्याजवळ बसते, घाई न करता, आणि भात गार झाला की उठते. रोज दुपारी मी गच्चीवर जातो, पान ठेवतो आणि जे म्हणायचं ते त्यांना ऐकू जाईल असं म्हणतो. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ते त्या वेळी डोळे मिटून घेतात, असं ओमेश्वरी सांगते.

परवा माझा घसा पूर्ण बसला होता. तापही होता. पान घेऊन कसाबसा वर गेलो, खडा ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा.

कावळा पत्र्यावर बसून होता.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. ऊन बरंच होतं.

मग जिन्याखालून वडिलांचा आवाज आला. शांत, स्वच्छ, शेजाऱ्याला निरोप द्यावा तसा.

"शालीकराम. तिलकचा बाप. वारला."

आणि कावळा उतरला.